बागेतल्या वाचनालयावर पत्रा टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका सार्वजनिक बागेत साठच्या दशकात बांधलेलं बैठं वाचनालय आहे. छज्जासकट छप्पर बारा मीटर बाय पंधरा मीटर, काळ्या दगडाच्या भिंती, वर सपाट स्लॅब. छज्जा चारी बाजूंनी पाच फूट बाहेर आलेला. मधल्या चौकावर स्लॅबला सहा फुटी चौकोनी भोक आणि त्यातून वर गेलेला वर्षावृक्ष. पाणी जायला तीन इंची दोन पाइप. तीन पावसाळे स्लॅब गळतोय. ठेकेदार म्हणतो, लोखंडी सांगाडा उभारून वर पत्रा टाका, छज्जा ‘लटकलाय’ तेव्हा दोन फूट कापा, खोड स्लॅबला टेकलंय तेव्हा झाड तोडा, आणि दगडाला सीलर मारा. समितीने विचारलंय की यातलं काय करावं.

यातलं काहीच करू नये. पण ठेकेदार खोटं बोलतोय असंही नाही. पत्रा टाकला तर गळती थांबेल. फक्त स्लॅबमधली लोखंडी सळई गंजायची थांबणार नाही, कारण तिला लागणारी दमट खारी हवा पत्र्याखालीही येतेच. सांगाड्याच्या प्रत्येक खांबाच्या बेसप्लेटसाठी स्लॅबला चार भोकं पडतील आणि वादळात तो पत्रा याच स्लॅबला धरून वर खेचेल. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईत वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. तेवढ्या वाऱ्याला बागेतली मोकळी शेड कशी उभी राहणार, याचा हिशेब आधी मागा. शिवाय पत्र्याखाली साचलेला पाला कोणी काढत नाही.

आता ही इमारत झाडीत मिसळते ती कशामुळे, ते बघू, कारण दुरुस्तीचं सगळं त्यावर ठरतं. दगडामुळे किंवा हिरव्या रंगामुळे ती मिसळत नाही. लांबून बघाल तर आडवी बारीक रेघ दिसते, ती स्लॅबची कड. तिच्या खाली गडद सावली असते आणि त्या सावलीत भिंत दिसेनाशी होते. त्या काळात सिमेंट नियंत्रित भावाने आणि वाटपाने मिळायचं (अंशतः मोकळं झालं ते १९८२ मध्ये), त्यामुळे स्लॅब पातळ ठेवण्यामागे काटकसरही होती, पण चांगल्या वास्तुकारांनी त्या काटकसरीचंच रूप केलं. चार्ल्स कोरियांचं साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय १९६३ मध्ये खुलं झालं. तिथे सहा मीटरचे चौकोनी खण आहेत, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत, आणि छपराला आधार देणाऱ्या काँक्रीटच्या पन्हळीच पावसाचं पाणी वाहून नेतात. पाण्याची वाट आधी ठरली, छपराचा आकार मग तिच्यातून आला.

तुमच्याकडे नेमकं तेच बिघडलंय. चौकात शिडी लावा आणि स्लॅबची कड टेपने मोजा. मूळची कड चार इंच असेल, आज ती बारा इंचांच्या आसपास भरेल. वाढलेले आठ इंच म्हणजे ब्रिकबॅट कोब्याचे (पाणी अडवायला विटांचे तुकडे आणि सिमेंट घालून केलेल्या लाद्यासारख्या थराचे) दोन थर, गळती लागली की एकावर एक चढवलेले. चार इंची सरासरी जाडीचा एक थर चौरस मीटरला १९० ते २०० किलो भरतो, दोन थर म्हणजे जवळजवळ ४०० किलो. खालच्या, कडेपासून आत पाच इंची असलेल्या स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला सुमारे ३१० किलो आहे. वापरात असलेल्या सपाट गच्चीवर आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे माणसांचा वगैरे भार धरतात तो १५० किलो. म्हणजे या बिचाऱ्या स्लॅबने डोक्यावर आणखी एक सव्वापट स्लॅब धरलाय. १८० चौरस मीटरचे मिळून सत्तरएक टन होतात आणि पावसात भिजले की आणखी. छज्जा लटकलाय तो त्यामुळे.

तो कापला तर काय होईल, तेही मोजून बघा. डिसेंबरात भर दुपारी मुंबईत सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो. त्या वेळी पाच फुटी छज्जा दक्षिणेच्या भिंतीवर साडेपाच फूट सावली पाडतो. भिंत नऊ फूट असेल तर उन्हाची रेघ साडेतीन फुटांवर येते. तुमच्या खिडकीचा खालचा काठ कुठे आहे ते मोजून बघा, तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे. दोन फूट कापलेत तर ऊन थेट टेबलावरच्या पुस्तकांवर येईल आणि नैर्ऋत्येचा पाऊस खिडकीतून आत.

तेव्हा काम ओझं उतरवण्यापासून सुरू करा. पण त्याच्याही आधी, पाऊस चालू असतानाच, आतून स्लॅबच्या पोटावर ओल दिसेल तिथे खडूने कड आखून तारीख घाला. पाऊस थांबल्यावर ओल किती दिवसांनी वाळली तेही लिहा. दोन दिवसांत वाळली तर पाणी कडेवरून किंवा पाइपाच्या तोंडातून येतंय. पंधरा दिवस तशीच राहिली तर कोब्यात पाणी साचून आहे. हा नकाशा फुकट मिळतो आणि पुढे हजारो रुपयांची तोडफोड वाचवतो. फोडाफोडी ऑक्टोबरच्या मध्यानंतर. मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो, म्हणून शेवटची पाणी-चाचणी १५ मेच्या आत उरकायला हवी. मार्चमध्ये सुरू केलेलं काम ताडपत्रीखाली संपतं.

कोबा फोडण्याआधी खालून टेकू द्या, छज्जाखाली दर चार-पाच फुटांवर. टेकू घट्ट ठोकून छज्जा वर उचलायचा नाही, नुसता टेकवायचा. फोडायला जड ब्रेकर नको, छिन्नी-हातोडा किंवा हलकं हातमशीन पुरतं. फोडायला सुरुवात छज्जाच्या मोकळ्या टोकाकडून करून भिंतीकडे यायचं. आतून सुरुवात केलीत तर छज्जाला मागे दाबून धरणारं वजन आधी जातं आणि टोकाचं तसंच राहतं. डेब्रिज गोण्यांत भरून त्याच दिवशी खाली उतरवायचं. एका खणात ढीग केलात तर स्लॅबच्या एकाच जागी दोन टन बसतात आणि चिरा पडल्या की मग ‘मुळातच कमकुवत होता’ असं ऐकायला मिळतं.

छज्जाबद्दल एक गोष्ट ठेकेदाराला पुन्हा पुन्हा सांगावी लागते: त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खालून पोपडे पडलेले दिसतात म्हणून खालून मॉर्टर भरतात, रंग देतात आणि बिल होतं. खरा धोका वर, भिंतीच्या रेषेत असलेल्या चिरेत. तिथूनच पाणी मुख्य सळईपर्यंत पोचतं. कोबा निघाल्यावर त्या रेषेत फूटभर रुंदीची पट्टी चारही बाजूंनी साफ करा आणि सळई खरोखर किती खोलवर आहे ते मोजा. ओतकामाच्या वेळी मजुरांच्या पायाखाली दबून ती इंचभर खाली गेलेली सापडणं नवलाचं नाही. तसं असेल तर छज्जाची ताकद कागदावरच्या हिशेबापेक्षा कमी आहे, आणि पुढचं स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं.

त्याच्याकडून कुठल्या चाचण्या मागायच्या? हातोडीने ठोकून पोकळ जागांचा नकाशा. कव्हर मीटर, म्हणजे सळईवर काँक्रीटचा थर (कव्हर) किती आहे ते मोजणारं यंत्र. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा: गुलाबी झालं तर सळईचं रक्षण करणारा चुन्याचा क्षारपणा शाबूत आहे, रंग आला नाही तर तो गेलाय. तेव्हाच्या स्लॅबला कव्हर अर्धा इंच धरत, आज समुद्रकाठच्या हवेला आयएस ४५६ मध्ये ४५ मिलिमीटर धरतात, त्यामुळे रंगहीन थर सळईपर्यंत गेलेला असणार हे गृहीतच धरा. हाफ-सेल चाचणीत (तिच्यात सळईचा विद्युतदाब मोजतात) उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर तिथे गंज चालू आहे असं समजतात. आणि सगळ्यात महत्त्वाची, जी टाळली जाते ती क्लोराइडची चाचणी. वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून मीठ किती आहे ते बघतात. घनमीटरला ०.६ किलो ही नव्या कामाची मर्यादा. मुंबईत खाडीची रेती वर्षानुवर्षं वापरली गेलीय, त्यामुळे मीठ बाहेरून आलंय की मुळातच आत आहे, हे कळलं पाहिजे.

कळलं नाही तर काय होतं? पॅच मारल्यावर दोन-तीन वर्षांनी त्याच पॅचभोवती गोल पोपडा सुटतो आणि सगळे मटेरियलला शिव्या देतात. मटेरियल चांगलंच असतं. गंजणारा तुकडा इतके दिवस स्वतः झिजून शेजारच्या सळईला वाचवत होता. तिथे स्वच्छ नवं मॉर्टर भरलंत की तो थांबतो आणि खाऱ्या जुन्या काँक्रीटमधली शेजारची सळई झिजायला लागते. मीठ जास्त निघालं तर पॅचच्या कडेने सळईला जस्ताचे तुकडे (अॅनोड) बांधून मग भरायचं. आता झिजायचं काम जस्त करतं.

दुरुस्तीची रीत सगळ्यांना माहीत असते आणि तिच्यातल्या तीन जागा चुकतात. एक, सळईच्या नुसत्या पुढचं काँक्रीट काढतात. मागेही २० मिलिमीटर मोकळं झालं पाहिजे, बोट फिरलं पाहिजे, नाहीतर मागच्या बाजूचा गंज तसाच राहतो. पॅचच्या कडा सरळ कापायच्या, उतरत्या सोडल्या तर तिथून पापुद्रा सुटतो. दोन, सळई एक चतुर्थांश झिजली असेल तर जोडसळई टाकतात, पण जोड तोकडा देतात. तुमच्या स्लॅबमध्ये साध्या गोल सळया असणार, कंगोऱ्यांच्या नव्हे. त्यांची काँक्रीटमधली पकड कमी, म्हणून दहा मिलिमीटरच्या सळईला जोड साधारण ५५० मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन फूट हवा. तेवढी जागा नसेल तर वेल्डिंग. तीन, क्युरिंग. एसबीआर (रबरासारखं पॉलिमर) घातलेल्या मॉर्टरला साध्या सिमेंटसारखं सात दिवस पाणी मारत बसतात. त्याला एक-दोन दिवस ओल पुरते, नंतर हवेत वाळू द्यायचं, तरच त्यातल्या पॉलिमरचा पापुद्रा धरतो. थर एका वेळी १० ते १५ मिलिमीटरचा. चाळीस मिलिमीटर एकदम थापलंत तर ते स्वतःच्या वजनानेच सुटतं.

आता वरचं पाणी. ताशी १०० मिलिमीटरचा पाऊस धरला तर चार इंची पाइप साधारण ४० चौरस मीटर छपराचं पाणी नेतो, तीन इंची जेमतेम २०. तुमच्या दोन तीन इंची पाइपांची पोच ४० चौरस मीटर आणि छप्पर १८०. म्हणजे स्लॅब गळायला लागण्याआधीही जोराच्या सरीत तिथे तळं होत असणार, आणि वर्षावृक्षाची पानं इतकी बारीक की जाळीवर चिखलासारखी बसतात. चार इंची पाच तोंडं करा. चौकाजवळची तोंडं भिंतीला चिकटून खाली आणण्याऐवजी चौकाच्या कडेने खाली आणलीत तर समोरून तेवढे पाइप दिसत नाहीत. जाळी सपाट नको, उलट्या टोपलीसारखी उंच हवी. कडेच्या पट्टीत तळापासून दोन इंचांवर ओव्हरफ्लोची दोन भोकं ठेवा. तोंडं तुंबली तर पाणी छपरावर चढण्याऐवजी तिथून पडेल आणि रखवालदाराला दिसेल.

कोब्याच्या जागी कोबा नको. तोंडं पाच झाली आणि छपरावर पसरून ठेवली की कुठल्याही जागेपासून तोंड चार-पाच मीटरच्या आत येतं. १:१०० च्या उताराला सगळ्यात जाड जागी ७० मिलिमीटरचा आणि तोंडाशी २० मिलिमीटरचा स्क्रीड (उतार देणारा मॉर्टरचा थर) पुरतो. सरासरी चौरस मीटरला शंभर किलोच्या आत. वर पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग, वाळल्यावर दीड मिलिमीटर भरेल एवढं, दोन हातांत. कोपऱ्यांत मॉर्टरच्या गोलसर वाटा घालून त्यावर जाळीचं कापड. कोटिंगआधी स्क्रीड खरंच वाळलाय का ते बघायला दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. खाली दव दिसलं तर थांबा. हे टाळलं की पहिल्याच उन्हाळ्यात फुगे येतात. शेवटी तोंडं बंद करून दोन इंच पाणी ७२ तास, आणि ते चौरस मीटरला ५० किलोचं पाणी ठेवण्याआधी इंजिनिअरची लेखी परवानगी. पाला काढायला लोखंडी फावडं चढू द्यायचं नाही, खराटा आणि प्लास्टिकचं सूप. एका फावड्याने दीड मिलिमीटरचं कोटिंग एका दुपारी जातं.

कड. मूळ छज्जाच्या पोटाला, टोकापासून दीड-दोन इंच आत, एक बारीक खाच असते. पाणी तिथपर्यंत सरपटतं आणि पागोळी होऊन खाली पडतं. साठ वर्षांच्या गिलाव्याने आणि रंगाने ती बहुतेक बुजलेली असते, मग पाणी पोटावरून सरपटत भिंतीपर्यंत जातं आणि आत ओल येते. बऱ्याच ‘स्लॅब लीकेज’च्या तक्रारी खरं तर या बुजलेल्या खाचेच्या असतात. जुना रंग खरवडून खाच सापडली तर उत्तम. सापडली नाही तर ग्राइंडरने नवी पाडू नका. अर्धा इंच कव्हरमध्ये पाऊण सेंटिमीटरची खाच पाडली की सळईवर जेमतेम पाच मिलिमीटर काँक्रीट उरतं. त्याऐवजी अॅल्युमिनियमची २० मिलिमीटरची एल पट्टी स्टेनलेस स्क्रूने बसवून मागे सीलंट भरा. खालून दिसत नाही आणि कड चार इंचच राहते.

झाडाकडे येऊ. खोड स्लॅबला टेकलंय हे गंभीर आहे, पण झाडासाठी आणि स्लॅबसाठी सारखंच. वाऱ्यात खोड हलतं आणि प्रत्येक हेलकाव्याला कडेवर धक्का बसतो, साल सोलली जाते आणि तिथे कुजायला सुरुवात होते. हटायचं ते स्लॅबने. त्या बाजूला फूटभर स्लॅब डायमंड कटरने कापून, भोकाच्या कडेला इंजिनिअरने दिलेली तुळई घालून, सहा इंची उभी पट्टी फिरवा. ब्रेकरने फोडू नका, त्याची थरथर अख्ख्या स्लॅबमध्ये जाते. खोड आणि काँक्रीट यांच्यात किमान फूटभर मोकळी जागा राहिली पाहिजे. ती रबराने किंवा फोमने ‘सील’ करायचा मोह आवरा. चौकात पाऊस पडावा म्हणूनच ते भोक ठेवलंय. खाली पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर ते उखडून माती मोकळी करा, पाणी जिरेल आणि चौकातून आत वळणार नाही. फांद्या छाटायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ च्या कायद्याने. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं, आणि इमारतीबरोबर लावलेलं असेल तर तुमचं त्यात बसतं. ठेकेदाराच्या बजेटमध्ये ‘ट्री कटिंग’ असा एका ओळीत धरलेला खर्च त्यामुळे तसाही निरर्थक आहे. छाटणीआधी फांद्यांवर पांढऱ्या कापसासारखी मिलीबगची कीड आहे का ते बघून घ्या, उपनगरांतले बरेच वर्षावृक्ष तिने वाळले. भिंतीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप मात्र झाड नव्हे, शत्रू. उपटलं तर मूळ आत राहतं आणि दोन फुटांवर दुसरीकडून येतं. बुंध्याशी कापून, कापल्यावर लगेच कापाला तणनाशक लावायचं, मेल्यावर महिन्याने सांधा उकरायचा.

दगडाला सीलर कशाला? काळा बेसाल्ट पाणी जवळजवळ पीतच नाही, ते येतं दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. सीलर दगडावर चमक आणतो आणि आत शिरलेल्या पाण्याची बाहेर पडायची वाट बंद करतो. दर्जा इंचभर खोल उकरून सिमेंट-चुना-रेती १:१:६ ने भरा आणि दगडाच्या कडेपेक्षा पाव इंच आत ठेवा. दोरीसारखी उठावदार दर्ज काढायची गवंड्यांना फार हौस. तिच्या वरच्या काठावर पाणी थांबतं आणि भिंतीवर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसायला लागतं.

मूळच्या सागवानी झडपा काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या असतील तर पुस्तकांना येणारी बुरशी त्यांच्यामुळेही आहे. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीच अर्ध्यापेक्षा जास्त उघडत नाही आणि पावसात तीही बंद होते. झडप पावसात उघडी ठेवता येते, तो तिचा सगळा अर्थ. चार इंच रुंद, अर्धा इंच जाड पट्ट्या, ४५ अंशांत, एकीवर एक अर्धा इंच चढलेल्या, आतून स्टेनलेस जाळी. अळशीचं तेल लावू नका, मुंबईच्या दमटपणात त्यावर काळी बुरशी धरते. लाकडासाठीचं बुरशीरोधक स्टेन दर दोन वर्षांनी, मे महिन्यात.

कागदपत्रांचं एकच सांगतो. इमारत हेरिटेज यादीत नसली तरी जुने नकाशे शोधा. पालिकेत नसतील तर वास्तुकाराच्या वारसांकडे किंवा त्या वेळच्या ठेकेदाराच्या दप्तरात. स्लॅबची सळई कुठे किती आहे हे एका नकाशात मिळालं तर चाचण्यांचा बराच खर्च वाचतो. तीस वर्षांवरच्या इमारतीला पालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली स्ट्रक्चरल ऑडिट लागतंच, तेव्हा तोच अहवाल या कामासाठी वापरता येईल असा मागून घ्या. त्यात ‘पत्र्याची शेड सुचवण्यात येते’ अशी ओळ आली, तर कोब्याची जाडी किती धरली होती ते विचारा.